सस्तनांचं रिंगण

"कुत्रा अंडी घालतो, बाई," निकेश म्हणाला.

हे त्याने मान वर करून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. त्याच्या गळ्यात मी सुतळीने अडकवलेलं कुत्र्याचं चित्र होतं आणि तो पक्ष्यांच्या रिंगणात, कावळा आणि बदकाच्या मधे, खांबासारखा उभा होता. त्याच्या मागे, शाळेच्या पडवीत, त्याच्याच घरची चिंगी पिल्लांना पाजत आडवी पडली होती.

"मागे वळून बघ," मी म्हणाले.

वळला.

"ती काय करतेय?"

"दूद पाजते."

"मग?"

निकेशने जरा विचार केला. "ती कुत्री हाय. मी कुत्रा हाय. कुत्रा अंडी घालतो."

वर्ग हसला नाही. एरवी कुणाच्या चड्डीचं बटण तुटलं तरी दात काढणारी ही कार्टी मुकाट उभी होती. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. कारण हा निकेश वर्गातला सगळ्यात चलाख पोरगा. पाढे उलटे म्हणून दाखवायचा. तो असं बोलायला लागला तर बाकीच्यांच्या नावाने आंघोळच करायची.

खारशिवण हे खाडीकाठचं गाव. मी घाटावरची, आटपाडीकडची यमगर. आमच्या घरात मेंढरं, त्यामुळे लहानपणी मला प्राण्यांचे दोनच गट माहीत होते, आपले आणि दुसऱ्याचे. शिक्षणसेवक म्हणून मला हे गाव मिळालं, आणि ते माझं शेवटचं कच्चं वर्ष होतं. शुक्रवारी विस्तार अधिकारी दाभाडे साहेब माझा पाठ बघायला येणार होते. पाठ चांगला झाला तर नोकरी पक्की, नाहीतर वडील आहेतच मेंढरांची काठी हातात द्यायला टपलेले. पोरीला शिकवून काय मिळवलं, हा प्रश्न ते दर दिवाळीला विचारायचे.

म्हणून मी 'प्राण्यांचे गट' हा पाठ निवडला आणि त्याचा खेळ केला. पटांगणात फक्कीने पाच रिंगणं आखली: सस्तन, पक्षी, सरपटणारे, मासे, कीटक. बेडकाला आधीच वगळलं. दोन डगरींवर पाय ठेवणारा तो, साहेबांसमोर तोंडघशी पाडायचा. प्रत्येकाच्या गळ्यात एक चित्र. मी शिट्टी वाजवली की धावत आपापल्या रिंगणात जायचं. आणि एकदा आत गेलं की दुसरी शिट्टी होईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. हा नियम मी मुद्दाम केला होता, नाहीतर पोरं पाण्याच्या टाकीकडे पळायची.

खेळ कुणालाही जमेल असा होता. माझ्या वर्गाला तेवढा जमेना.

त्या दिवशी सस्तनांच्या रिंगणात एकच मुलगी उभी होती. शेवंती. तिच्या गळ्यात गाय होती. बकरी सरपटणाऱ्यांत, मांजर कीटकांत आणि कुत्रा वर सांगितल्याप्रमाणे अंडी घालत होता.

दुसऱ्या दिवशी मी चित्रं बदलली. म्हटलं, गाय-बकरी जाऊ देत, मासे तरी येतील. खाडीवरची पोरं ही, दात यायच्या आधी सुकट चघळतात. शिट्टी वाजवली. बोंबील मुंग्यांमध्ये जाऊन उभा राहिला. सुरमई पोपटाशेजारी. कोळंबी मी दिलीच नव्हती, तरी कल्पेशने आपल्या गळ्यातला पापलेट दाखवून "ही कोलंबी हाय, बाई, मासा नाय" असं सांगून पाहिलं. माशांच्या रिंगणात फक्त बांगडा होता. बांगडा म्हणजे शेवंती.

"अरे, पापलेट मासा नाही?" मी ओरडले. "घरी जाऊन आईला विचारा! हसेल तुम्हाला!"

माझा पारा चढला की मला समोरचं दिसत नाही, हे माझी आई नेहमी म्हणायची. मी शेवंतीचा हात धरून तिला वर्गासमोर आणलं.

"हिच्याकडे बघा. काल बरोबर, आज बरोबर. हिच्याकडून शिका जरा!"

शेवंती खाली मान घालून गळ्यातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. तिचं बोट लाल झालं तरी ती सुतळी सोडेना. बाकीची पोरं माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे एकही नाही.

तिसऱ्या दिवशी मी वहीवर उत्तरं लिहून घेतली. सगळ्यांची बरोबर. निकेशने तर वटवाघूळसुद्धा सस्तनात घातलं होतं, जे मी शिकवलंही नव्हतं. लगेच पोरांना पटांगणात नेलं. शेवंतीला पोपट दिला. शिट्टी वाजली आणि कावळा, चिमणी, बगळा, घार सगळे डोळ्यांदेखत सापाकडे धावले.

मी शिट्टी फेकून दिली. खरंच फेकली, ती चिंगीच्या अंगावर पडली आणि ती गुरगुरली.

शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी घरत गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. घरत गुरुजी त्याच गावचे, निवृत्तीला आलेले. ते खिडकीतून बघत होते. मी घाम पुसत आत आले तर म्हणाले, "बाई, एवढा खटाटोप कशाला? फळ्यावर घ्या ना. तुम्ही विचारा, पोरं हात वर करतील. साहेब खूश."

"गुरुजी, यांना सगळं येतं. मुद्दाम चुकतात. माझ्यावर डूख धरलाय का यांनी?"

"छे छे. तुमच्यावर कशाला?" गुरुजी म्हणाले आणि हजेरीत डोकं घालून बसले.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी निकेशला पडवीत थांबवून घेतलं. तो चिंगीजवळ उकिडवा बसला. एक तांबडं पिल्लू त्याच्या पायावर चढत होतं.

"कुत्रा अंडी घालतो?" मी विचारलं.

"नाय."

"मग सस्तनात का गेला नाहीस?"

"तिथं ती होती ना." एवढा सोपा प्रश्न बाईंना पडावा कसा, असा त्याचा चेहरा. "शेवंती. तिच्या रिंगनात कसा उभा रानार? गावानं वाळीत टाकलंय त्यांना. बोलायचं नाय, घरी जायचं नाय, एका जागी उभं रायचं नाय. आयसला दंड बसल."

मी ओट्यावर बसले.

"कधीपासून?"

"गनपतीपासून. तिच्या बापसानं पंचायतीचा फारम भरला. गावकीनं दुसरा मानूस ठरवलेला. मागं घे बोलले, त्यानं नाय घेतला." निकेश पिल्लाचे कान चाचपत होता. "त्यांना दुकानात मीठ पन नाय देत. त्यांचं दलन पार दुसऱ्या गावात जातं."

"पण वर्गात तर तुम्ही एकत्र बसता."

"ती येकटी बसते ना, बाई. खिडकीजवल."

बसायची खरी. उंच आहे म्हणून तिला बाजूला बसवलंय, असं गुरुजींनी मला गणपतीच्या सुट्टीनंतर सांगितलं होतं. पाण्याची बाटलीही ती घरून आणायची, आणि टाकीवर जात नाही म्हणून मी तिला शिस्तीची म्हणत होते.

"आणि सापाजवळ गेलात ते? कावळा सापाजवळ?"

"सापाला दंड नाय," निकेश म्हणाला. मग मी आणखी काही विचारीन म्हणून त्याने सगळा कायदाच सांगून टाकला. "चिंगी जाते ना रोज त्यांच्याकडं. तिला कोन दंड लावनार? ढोर नायतर कुत्रं त्यांच्या आवारात गेलं तर आपल्याला आनायला जाता येतं. त्याला परवानगी हाय. बोलायचं नाय. जनावर घ्यायचं नि यायचं."

मी तशीच गुरुजींच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. ते छत्री घेऊन निघायच्या तयारीत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"गाव माझंच आहे, बाई."

"तीन दिवस मी त्या पोरांना गाढव म्हणतेय, आणि तुम्ही खिडकीतून बघताय?"

"सांगून काय करणार होता तुम्ही?" गुरुजींचा आवाज चढला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "पोलिसात जाल? जा. उद्या माझ्या घरचं पाणी तुटेल. तुम्ही कायम झालात की बदली मागाल आणि घाटावर जाल. मला इथंच मरायचंय, आणि मला खांदा द्यायला हीच चार माणसं लागतील." त्यांनी छत्री पुन्हा टेकवून ठेवली. "तुमची नोकरी जायला नको. माझं ऐका. तिला चित्र देऊ नका, शिट्टी द्या. पंच करा तिला. मानही राहील आणि पाठही होईल. पोरं आपोआप बरोबर जागी जातील, बघाल तुम्ही."

मला चीड आली ती त्यांचं म्हणणं बिनतोड होतं म्हणून. शिट्टी शेवंतीच्या हातात दिली की सगळ्या गायी, सगळे मासे आपापल्या जागी जाणार होते. साहेब टाळ्या वाजवणार होते. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेआधी मी शेवंतीला बाजूला घेतलं आणि शिट्टी पुढे केली.

"आज तू वाजवशील? पंच हो."

तिने शिट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "बाई, शिट्टी वाजवनारा कनच्या गटात?"

"कुठल्याच नाही. तो बाहेर उभा राहतो."

"मंग नको." तिने शिट्टी माझ्या हातात परत ठेवली. "मना गाय द्या. गाय मना आवडते."

मी तिला गाय दिली. आता त्यात काही मोठेपणा नव्हता. त्या पोरीच्या तोंडाकडे बघून दुसरं काही देणं मला शक्यच नव्हतं. मनात मात्र आटपाडीची काठी दिसत होती.

दाभाडे साहेब अकराच्या सुमाराला आले. त्यांच्यासाठी पटांगणात खुर्ची ठेवली. साहेब येणार म्हणून कुंपणापाशी आठ-दहा आयाबाया आणि गावकीतले दोन बुजुर्ग येऊन उभे होते. गुरुजींनी माझ्या हातातली शिट्टी बघितली, शेवंतीच्या गळ्यातली गाय बघितली आणि झेंड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले.

मी पोरांना म्हणाले, "तुम्हाला सगळं येतं. मला माहीत आहे." आणि शिट्टी वाजवली.

पोरं धावली. निम्म्या वाटेवर त्यांचे पाय अडखळले. प्रत्येकाने एकदा कुंपणाकडे बघितलं. मग बकरी माशांत गेली, मांजर सापाजवळ गेलं. निकेशला मी पुन्हा कुत्राच दिला होता. तो सस्तनांच्या रेषेपाशी क्षणभर थबकला, आणि कुंपणावरून त्याची आई खोकल्यावर पक्ष्यांत जाऊन उभा राहिला. सस्तनांच्या रिंगणात गाय एकटी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यमगर बाई, हे काय आहे? कुत्रा पक्ष्यांत?"

"मुलांनाच विचारा, सर," मी म्हणाले.

साहेब उठून रिंगणापाशी गेले. आवाज मऊ करून त्यांनी शेवंतीला विचारलं, "बाळ, तू बरोबर उभी आहेस. शाब्बास. आता मला सांग, ही बकरी, हे मांजर, हा कुत्रा, हे कोणत्या गटातले?"

शेवंतीने एकेकाकडे बघितलं. ज्याच्याकडे बघेल तो मान फिरवत होता.

"ती पन सस्तनच हायत, साहेब," ती म्हणाली. "पन त्यांना परवानगी नाय."

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी वर झेंड्याकडे बघितलं. कुंपणावरची मंडळी एकेक करून पांगायला लागली. साहेब बारा गावचं पाणी प्यालेले, त्यांना एका वाक्यात सगळं कळलं असणार.

आत चहा घेताना ते मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा विषय माझ्या खात्यात येत नाही."

"मग कुणाच्या येतो, सर?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. चमच्याने ते काढत बसले. जाताना त्यांनी शेरेबुकात सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं: 'प्राण्यांचे वर्गीकरण हा घटक विद्यार्थ्यांना समजलेला नाही. तो पुन्हा घ्यावा.'

ते वाचून मी रडले. संतापाने रडले, उगाच दुसरं काही सांगत नाही. ज्या पोरांना सगळं येत होतं त्यांना काही येत नाही असं सही-शिक्क्यानिशी ठरलं होतं, आणि माझी नोकरी त्या एका ओळीवर लटकली होती.

सोमवारी मी पुन्हा फक्की घेऊन पटांगणात गेले. गुरुजी धावत आले.

"आता काय हे?"

"साहेबांचा शेरा आहे. पुन्हा घ्यावा." मी शेरेबुक त्यांच्यापुढे धरलं. लेखी हुकमापुढे गुरुजी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले.

मी चित्रं आणलीच नव्हती. "आज कुणाच्या गळ्यात काही नाही," मी पोरांना सांगितलं. "आज तुम्ही स्वतःच प्राणी. माणूस कुठल्या गटात, ते मी शिकवलंय. शिट्टी झाली की आपल्या जागी जायचं." चार रिंगणं मी आखलीच नाहीत. एकच आखलं, चांगलं मोठं.

शिट्टी वाजवली. शेवंती चालत गेली आणि मधोमध उभी राहिली. बाकीची पोरं रेषेबाहेर. आज जायला साप नव्हता की मुंगी नव्हती, त्यामुळे ती नुसतीच उभी होती, हात कुठे ठेवावे ते न कळून. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, पुरे झालं, पोरीची आणखी शोभा नको. मी शिट्टी तोंडाशी नेली.

तेवढ्यात निकेशच्या सदऱ्यात काहीतरी हललं. त्याने सदरा वर केला आणि ते तांबडं पिल्लू जमिनीवर ठेवलं. पिल्लू हुंगत बसलं. निकेशने इकडेतिकडे बघून त्याला पायाने हळूच ढकललं. मी बघितलं, गुरुजींनीही बघितलं. पिल्लू डुलत डुलत रेषा ओलांडून शेवंतीच्या पायाशी गेलं.

"बाई," निकेश ओरडला, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "आमचं जनावर आत गेलंय! मी आनायला जातो!"

आणि गेला. शेवंतीशी तो एक शब्दही बोलला नाही. पिल्लू उचललं आणि परत फिरला.

"थांब," मी म्हणाले. "नियम काय आहे?"

"दुसऱ्या शिट्टीपत्तूर बाहेर यायचं नाय," निकेश म्हणाला, आणि पिल्लू घेऊन शेवंतीच्या शेजारी उभा राहिला.

त्याची धाकटी बहीण रसिका तिसरीत होती. ती रेषेपाशी आली. "बाई, मी दादाला आनायला जाते."

आता गुरुजींना राहवेना. "ए रसिका! परवानगी जनावर आणायला आहे. भाऊ काय जनावर आहे?"

रसिका गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. मग ओठ घट्ट करून म्हणाली, "मानूस पन प्रानीच हाय, गुरुजी. सस्तन. बाईंनी शिकवलंय."

रसिका आत गेली. मग कल्पेश रसिकाला आणायला गेला. दीक्षा कल्पेशला आणायला गेली. मग कोण कुणाला आणायला चाललंय याचा हिशोब राहिला नाही. पोरं एकमेकांना ढकलत आत शिरत होती, पिल्लू केकाटत होतं, आणि त्या गर्दीत शेवंती मला दिसेनाशी झाली, फक्त तिचं हसणं ऐकू येत होतं. तिला हसताना मी गणपतीनंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

कुंपणापलीकडून कुणीतरी बाई निकेशच्या नावाने हाका मारायला लागली. आवाज चिडलेला होता. गुरुजी माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बाई, शिट्टी वाजवा. त्यांना बाहेर येऊ दे. संध्याकाळी गावकीची बैठक बसेल."

"वाजवते," मी म्हणाले, आणि शिट्टी मुठीत घट्ट धरून तशीच उभी राहिले.